टाळीचे माप



व्याख्यानाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, टाळीला कसले आले आहे माप? टाळी पडते किंवा पडत नाही. पडली तर वक्त्याला ऐकू येते, आणि न पडली तर ती त्याहूनही मोठ्याने ऐकू येते. हे अगदी खरे आहे. श्रोत्यांचा कल ओळखण्याची विद्या वक्तृत्वाइतकीच जुनी आहे. निरूपण लांबले आणि समोरची मंडळी पेंगू लागली की कीर्तनकारबुवा बरोबर त्या जागी विठ्ठलनामाचा गजर सुरू करतात. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात कोणत्या पदाला किती 'वन्स मोअर' मिळाले याची चर्चा दुसऱ्या दिवशी पेठापेठांतून होत असे. सभेत मागच्या रांगांतला खोकला वाढला, कोणी घड्याळाकडे पाहू लागले, की मुरलेला वक्ता दोन मुद्दे गाळून पुढे जातो. ही सारी मापेच होत. त्यांचा विशेष असा की, ती उघड्यावरची आहेत. टाळी देणाऱ्याला ठाऊक असते आपण ती देत आहोत, घेणाऱ्याला ठाऊक असते आपल्याला ती मिळाली, आणि शेजारी बसलेल्यालाही ती ऐकू जाते.

आम्हाला आज ज्या मापांविषयी बोलायचे आहे ती मात्र यंत्राची मापे आहेत. राजकीय भाषण किंवा जाहिरात चालू असतानाच, ऐकणाऱ्याच्या मनात क्षणाक्षणाला काय उमटते ते टिपून घेण्याचा उद्योग गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. तो अमेरिकेत जन्मला, तेथून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे गेला. तेव्हा आजच्या आमच्या बहुतेक गोष्टी तिकडच्याच आहेत. परंतु त्यांतून निघणारा प्रश्न ज्याला ज्याला मत द्यायचे असते त्या प्रत्येकाचा आहे.

आधी हाताच्या टाळीकडे पाहू. उघड्यावरची वस्तू विकत घेता येते, हे माणसाला फार लवकर कळले. रोमचा सम्राट नीरो याला गाण्याचा शोक होता. स्वेटोनियस हा चरित्रकार लिहितो की, नीरोने टाळ्या वाजवण्यासाठी पाच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण ठेवले होते, आणि टाळ्यांचे प्रकार त्यांना शिकवले होते. एका प्रकाराला मधमाश्यांच्या गुणगुणण्याचे नाव होते, दुसऱ्याला कौलांचे, तिसऱ्याला विटांचे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत हा धंदाच झाला. त्याला 'क्लाक' म्हणत. त्यांत वेळेवर हसणारे वेगळे, वेळेवर डोळ्यांना रुमाल लावणाऱ्या बायका वेगळ्या, आणि 'पुन्हा, पुन्हा' असे ओरडणारे वेगळे. त्यांचा नाईक तालमीला हजर राहून कोठे टाळी पाडायची त्या जागा हेरून ठेवी. आमच्या नटमंडळींत 'टाळीची जागा' असा शब्द आहे, तो येथे चपखल बसतो. इंग्रजीत पोकळ बडबडीला 'क्लॅपट्रॅप' म्हणतात, तो शब्दही मुळात रंगभूमीवरचाच. टाळी पकडण्याचा सापळा, हा त्याचा अर्थ.

हा सापळा कसा लावतात, याचा शास्त्रशुद्ध शोध मॅक्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने घेतला. राजकीय भाषणांच्या ध्वनिफिती घेऊन तो त्या पुन्हा पुन्हा ऐकत बसला, आणि १९८४ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याला आढळले की, सभेतील टाळी सर्वसाधारणपणे आठ सेकंदांच्या आसपास टिकते. त्याहून फार कमी पडली तर ती थंड वाटते, फार लांबली तर विशेष वाटते. आणि ती वाक्य संपल्यावर उगवत नाही. वाक्य संपत असतानाच हात उठू लागतात. म्हणजे वाक्य कोठे संपणार, हे श्रोत्याला आधीच कळलेले असते.

ते कसे कळते? एकट्याने टाळी वाजवण्यासारखी फजिती नाही. म्हणून प्रत्येक श्रोता नकळत अशा जागेची वाट पाहतो, की जेथे सर्वजण एकदम वाजवतील. वक्ता ती जागा वाक्याच्या घडणीने दाखवतो. 'त्यांनी वचने दिली, आम्ही विहिरी दिल्या', असे कोणी म्हणाला, तर 'त्यांनी वचने दिली' एवढे कानी पडताच दुसरे पाऊल कोठे पडणार ते आपण ओळखतो. विरोध दाखवणारी जोडी हा एक सापळा. तीन गोष्टींची यादी हा दुसरा. तिसरी गोष्ट उच्चारली की हात आपोआप उठतात. विहिरी खरोखर खणल्या की नाही, हा प्रश्न त्या आठ सेकंदांत कोणाला सुचत नाही. हेरिटेज आणि ग्रेटबॅच या दोघा अभ्यासकांनी पुढे १९८१ सालच्या ब्रिटिश पक्षपरिषदांतील ४७६ भाषणे तपासली. टाळ्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक टाळ्या अशा सात ठरावीक वाक्यरचनांवर पडलेल्या निघाल्या.

अ‍ॅटकिन्सन याची परीक्षाही झाली. १९८४ साली, सभेत बोलण्याची सवय नसलेल्या एका साध्या कार्यकर्त्या बाईंना त्याने तयार केले, आणि त्यांनी सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या परिषदेत भाषण केले. दूरचित्रवाणीने हा सारा प्रकार चित्रित केला. बाईंच्या भाषणाला सभागृह उभे राहिले! यावरून कोणी म्हणेल, श्रोते मूर्ख असतात. आम्हाला तसे वाटत नाही. ती टाळी खोटी नव्हती. मात्र तिचे माप घेणाऱ्याने हे विसरू नये की, ती विचाराइतकीच वाक्याच्या वळणाला मिळालेली असते.

आणखी एक मजेची गोष्ट येथेच सांगून टाकतो. स्टीव्हन क्लेमन या अभ्यासकाने १९९३ साली टाळीच्या उलट प्रकाराचा, म्हणजे हुर्यो उडवण्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. टाळी झटकन येते. हुर्यो मात्र बहुधा उशिरा येते. आधी कुजबुज होते, कोणी हुंकारतो, कोणी हसतो, शेजारी आपल्यासारखाच चिडला आहे याची चाहूल लागते, आणि मग आवाज फुटतो. पसंती सांगायला माणूस सोबतीसाठी फार थांबत नाही, नापसंती सांगायला थांबतो. सभेत गप्प बसलेल्यांची मोजदाद टाळीवरून होत नाही, ती याचमुळे.

तेव्हा शास्त्रज्ञांना वाटले की, श्रोत्याला शेजाऱ्याच्या तावडीतून सोडवले पाहिजे. त्याला असे काहीतरी हाती द्यावे की जे तो गुपचूप दाबील आणि दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मतपेटीचेच तत्त्व म्हणाना! हे काम ज्यांनी केले, त्यांची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

पॉल लाझार्सफेल्ड हे मूळचे व्हिएन्नाचे. डॉक्टरेट गणितातली, मन समाजशास्त्रात. १९३३ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले आणि यहुदी असल्यामुळे युरोपातील पुढच्या वादळात परत येण्याची सोय उरली नाही. १९३७ साली प्रिन्स्टन येथे नभोवाणीच्या संशोधनासाठी एक कचेरी निघाली, तिचे ते प्रमुख झाले. नभोवाणीचा वक्ता हा जगातला पहिला आंधळा वक्ता होय. त्याचे श्रोते लाखो, परंतु त्यांतला एकही त्याला दिसत नाही. त्याला खोकला ऐकू येत नाही, टाळीही नाही. कोलंबिया ब्रॉडकास्टिंग या नभोवाणी कंपनीतले फ्रँक स्टँटन हे या कामी त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून एक यंत्र सिद्ध केले. दहाएक माणसे खुर्च्यांवर बसवायची. प्रत्येकाच्या एका हाती हिरवे बटण, दुसऱ्या हाती तांबडे. कार्यक्रम ऐकताना आवडले तर हिरवे दाबायचे, नावडले तर तांबडे, आणि काहीच वाटले नाही तर दोन्ही हात स्वस्थ. बटणांच्या तारा दुसरीकडे सरकत्या कागदावर टेकलेल्या लेखण्यांना जोडलेल्या. कार्यक्रम संपला की कागदावर त्याची जणू जन्मपत्रिका उमटलेली असे: या मिनिटाला सात जणांना आवडले, त्या मिनिटाला चौघांना नकोसे झाले.

आता पुढचा भाग लक्षपूर्वक ऐकावा अशी विनंती आहे, कारण आमच्या आजच्या म्हणण्याचा कणा तोच आहे. कागद हाती आला म्हणजे लाझार्सफेल्ड यांचे काम संपत नसे, तेथून ते सुरू होई. तीच दहा माणसे खोलीत बसलेली असत. तो कागद पुढे ठेवून मुलाखत घेणारा त्यांना विचारी: अमुक वाक्याला तुम्ही तांबडे बटण दाबलेत, ते का? यंत्र फक्त 'केव्हा' सांगते. 'का' हे माणसालाच विचारावे लागते. तांबडे बटण वक्त्याचा आवाज कर्कश वाटला म्हणून दाबले, की तो खोटे बोलतो असे वाटले म्हणून दाबले, की त्याने सांगितलेली गोष्ट खरी आणि भयंकर होती म्हणून दाबले, हे लेखणीला कळत नाही. कागदावर तिन्ही रेघा सारख्याच.

१९४१ च्या नोव्हेंबरात लाझार्सफेल्ड यांनी आपले नवे सहकारी रॉबर्ट मर्टन यांना सपत्नीक जेवायला बोलावले. ऐनवेळी सरकारकडून निकड आली की, लोकांचे मनोधैर्य वाढवण्यासाठी केलेल्या एका नभोवाणी कार्यक्रमाची परीक्षा त्याच संध्याकाळी हवी. तेव्हा बायकांना घरी ठेवून हे दोघे गेले. बटणांचा खेळ मर्टन यांनी प्रथमच पाहिला. परंतु त्यांचे लक्ष पुढच्या मुलाखतीकडे होते. प्रश्न विचारणारा गृहस्थ श्रोत्यांच्या तोंडी आपलीच उत्तरे घालत होता, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी चिठ्ठ्या लिहून लाझार्सफेल्ड यांना तसे कळवले. मग पुढच्या खेपेला लाझार्सफेल्ड यांनी मुलाखतीला त्यांनाच बसवले. पुढे १९४६ साली मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी या मुलाखतीचे शास्त्र लिहून काढले. आज बाजारात साबणापासून पंतप्रधानापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी दहाबारा माणसे खोलीत बसवून चर्चा करवतात, त्या प्रथेच्या मुळांपैकी हे एक. आपल्या कामातून निघालेल्या या धंद्याविषयी मर्टन यांनी उतारवयात जे लिहिले, त्यात फारसा आनंद दिसत नाही.

'का' विचारल्याने काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण मर्टन यांनीच दिले. १९४३ च्या २१ सप्टेंबरला केट स्मिथ या लोकप्रिय गायिकेने युद्धरोखे विकण्यासाठी नभोवाणीवर अठरा तास ठाण मांडले. ती मधून मधून, सुमारे पासष्ट वेळा, बोलली. त्या एका दिवसात ३ कोटी ९० लाख डॉलरांच्या रोख्यांची वचने आली! मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर माणसांच्या घरी बसून सविस्तर मुलाखती घेतल्या. १९४६ साली 'मास पर्स्वेजन' या नावाने ते पुस्तक आले. लोकांना तिच्या कोणत्या वाक्याने जिंकले? कोणत्याही एका नव्हे. ती थकली आहे, आवाज बसत चालला आहे, तरी उठत नाही, यावरून लोकांनी ठरवले की ही बाई मनापासून बोलते. सकाळपासून रात्रीपर्यंत जाहिरातींच्या गोडबोलीत वावरणारी माणसे खऱ्या शब्दाला किती भुकेलेली असतात, हे त्या मुलाखतींतून दिसले. कोणत्याही मिनिटाला दाबलेल्या बटणाने हे कळले नसते. मर्टन यांना त्यात एक गोष्ट खटकलीही. रोखे विकण्यामागे महागाईला आळा घालणे हा मोठा आर्थिक हेतू होता. त्याला तिच्या बोलण्यात स्थान नव्हते. भावनेने काम होत होते, मग कारण कशाला सांगा? श्रोत्याला कारण न सांगता त्याच्याकडून योग्य गोष्ट करवून घेणे योग्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात उभा केला. आम्हाला तो अजूनही उभाच दिसतो.

जाहिरातीच्या बाजाराला असल्या प्रश्नांत वेळ घालवणे परवडत नाही. तेथे यंत्र झपाट्याने रुजले. होरेस श्वेरिन या गृहस्थाने युक्ती काढली ती तर यंत्राविनाच. नाट्यगृहात प्रेक्षकांना फुकट बोलावून आधी सांगायचे की, सोडतीत बक्षीस निघाले तर तुम्हाला कोणत्या कंपनीचा माल हवा ते लिहून द्या. मग कार्यक्रम आणि त्यात जाहिराती. शेवटी पुन्हा सोडत, पुन्हा तोच प्रश्न. दोन उत्तरांतला फरक म्हणजे जाहिरातीचा जोर. दुकानदाराच्या अकलेला आम्ही येथे दाद देतो, कारण त्याने निदान आवडण्यापेक्षा घेण्याला विचारले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये 'प्रिव्ह्यू हाउस' नावाचे परीक्षेचे थिएटर होते. तेथे प्रेक्षकांच्या हाती फिरवायची चकती असे. कार्यक्रमापूर्वी दर खेपेला एकच व्यंगपट दाखवत. मिस्टर मॅगू हा दृष्टी अधू झालेला म्हातारा त्याचा नायक. आजचे प्रेक्षक हसऱ्या जातीचे की रुसक्या जातीचे, हे त्यावरून आधी ठरवायचे आणि मग पुढच्या मालाचे माप घ्यायचे. तराजूचे पारडे आधी रिकामे तोलून पाहण्याचाच हा प्रकार. आमच्या मंडईत गिऱ्हाईक हा आग्रह धरते, निवडणुकीच्या रात्री मात्र कोणी धरत नाही.

एवढे करूनही मापे चुकत. १९८९ साली 'सायनफेल्ड' या विनोदी मालिकेचा पहिला भाग परीक्षेला बसवला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याला कच्चे गुण दिले. त्या मालिकेने १९९४-९५ च्या हंगामात अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला. नव्या चवीचा पहिला घास तोंड वाकडे करायला लावतो, आणि चकती त्या वाकड्या तोंडाचीच नोंद करते.

राजकारणात ही चकती येणार हे उघडच होते. गंमत अशी की, बटणांच्या यंत्राचे एक जनक स्टँटन हे १९४६ साली कोलंबिया कंपनीचे अध्यक्ष झाले होते, आणि १९६० साली केनेडी व निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभा व्हाव्यात म्हणून समान वेळेचा कायदा शिथिल करवून घेण्यात त्यांचाच मोठा हात होता. रेगन अध्यक्ष असताना त्यांचे मतपरीक्षक रिचर्ड वर्थलिन यांनी अध्यक्षांच्या भाषणांना हे माप लावले. कोणत्या शब्दाला रेघ चढते, कोणत्याला उतरते हे पाहायचे, चढणारे शब्द पुढच्या भाषणासाठी जपायचे. फ्रँक लुंझ यांनी तर त्याची टांकसाळच उघडली. श्रीमंतांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मिळकतीवर बसणाऱ्या कराला 'मृत्युकर' म्हणा, असा सल्ला देऊन तो शब्द रूढ करणाऱ्यांत ते प्रमुख होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा कर शंभर मृतांपैकी दोघांच्याच आसपास मिळकतींना लागत असे. मृत्यू मात्र शंभरांपैकी शंभरांना आहे. शब्द बदलताच, ज्यांना कर कधीच लागणार नव्हता त्यांनाही तो आपल्या घरावर आलेला दिसू लागला. लाझार्सफेल्ड यांच्या खोलीत रेघ पाहून 'का' असे विचारत. येथे रेघ पाहून 'पुन्हा म्हणा' असे सांगतात.

येथवर निदान ही रेघ गुप्त होती. वक्ता आणि त्याचे सल्लागार तिचा उपयोग करीत, श्रोत्याला ती दिसत नसे. पुढचे पाऊल दूरचित्रवाणीने टाकले. १९९३ साली ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीत कीटिंग आणि ह्यूसन यांच्या वादसभेवेळी 'नाइन' या वाहिनीने निवडक मतदारांच्या चकत्यांची सरासरी पडद्यावर आणली. दोन पुढारी बोलत आहेत आणि त्यांच्या तोंडांखालून एक रेघ वळवळत पुढे सरकते आहे. लोकांनी तिला 'वर्म', म्हणजे अळी, हे नाव दिले, आणि तेच जगभर टिकले.

अळीचे पराक्रम पाहा. न्यूझीलंडमध्ये २००२ च्या निवडणुकीत पुढाऱ्यांची वादसभा झाली. पीटर डन हे एका चिमुकल्या पक्षाचे नेते. आधीच्या, १९९९ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकच जागा होती, ती त्यांची स्वतःची. मोठे पक्ष भांडत होते, डन शांतपणे 'साधे व्यवहारज्ञान', 'कुटुंब' असे शब्द उच्चारीत होते, आणि त्यांचा शब्द आला की अळी वर मान काढी. दुसऱ्या दिवसापासून जिकडेतिकडे डन यांचीच चर्चा. मतदान झाले तेव्हा पक्षाला सुमारे ६.७ टक्के मते आणि ८ जागा मिळाल्या. २००५ साली त्यांच्या ३ जागा उरल्या. सर्व श्रेय किंवा दोष अळीचा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिला काय आवडते ते यातून दिसते. तिला सर्वांना पटेल असे गुळगुळीत बोलणे आवडते. कोणी कर वाढवावा लागेल असे खरे सांगितले, कोणी प्रतिपक्षाची चूक पुराव्यानिशी दाखवली, की ऐकणाऱ्याच्या कपाळाला क्षणभर आठी पडते आणि चकती खाली फिरते. ती आठी औषध घेतानाही पडते.

२००७ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अट घातली की, केव्हिन रड यांच्याशी होणाऱ्या वादसभेत अळी दाखवायची नाही. नाइन वाहिनीने ती तरीही दाखवली. २१ ऑक्टोबरच्या रात्री ऐन वादसभेत त्यांचे प्रक्षेपण अकस्मात तोडण्यात आले. सभा नॅशनल प्रेस क्लबची होती आणि प्रक्षेपणाच्या अटी तिच्या. वाहिनीने लगेच दुसऱ्या वाहिनीवरून चित्र उचलले आणि अळी पुन्हा चालू लागली. देशात दुसऱ्या दिवशी करांवर आणि मजूर कायद्यांवर जेवढी चर्चा झाली त्याहून अधिक या अळीवर झाली असावी! २४ नोव्हेंबरला हॉवर्ड निवडणूक हरले, स्वतःची जागाही हरले. त्याची कारणे अळीहून पुष्कळ मोठी होती. तरी त्यांची तक्रार आम्हाला निव्वळ पराभूताची कुरकुर वाटत नाही.

कारण त्या तक्रारीत तथ्य होते, हे तीन वर्षांनी प्रयोगाने दिसले. २०१० च्या एप्रिलात ब्रिटनमध्ये प्रथमच पंतप्रधानपदाच्या उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवर वादसभा झाल्या. पक्ष आणि वाहिन्या यांनी मिळून ७६ नियम केले, आणि त्यांत सभागृहातील प्रेक्षकांनी चर्चा चालू असताना टाळ्या वाजवू नयेत असाही बंदोबस्त होता. टाळीने घरच्या प्रेक्षकाचे मत बिघडते, हे सर्वांनाच पटले होते. कॉलिन डेव्हिस, जेफ्री बॉवर्स आणि अमीना मेमन या मानसशास्त्रज्ञांनी तिसऱ्या वादसभेच्या वेळी १५० माणसांना दोन गटांत बसवून ती थेट दाखवली. पडद्यावर अळी होती. ती अनिश्चित मतदारांचा सरासरी कल दाखवते, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले होते. खरे पाहता तेथे कोणी मतदार नव्हते. रेघ संशोधक स्वतःच चालवत होते. एका गटाला दाखवलेली अळी गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूला झुकवलेली, दुसऱ्या गटाची निक क्लेग यांच्या. शेवटी विचारले, आज कोण जिंकले? क्लेगकडे झुकलेली अळी पाहणाऱ्यांनी प्रचंड बहुमताने क्लेग जिंकले असे सांगितले. दुसऱ्या गटात ब्राउन यांना विजयी ठरवणारे अधिक निघाले. एकच सभा, तेच शब्द, तीच माणसे बोलणारी. इतकेच नव्हे, तर पंतप्रधान कोण व्हावा या उत्तरावरही अळीची छाया पडलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला.

म्हणजे फिरून आम्ही कोठे आलो पाहा. शेजाऱ्याचे दडपण नको म्हणून बटण गुप्त केले. मग त्याच गुप्त बटणांची बेरीज पडद्यावर लावून लाखो घरांत शेजारी नेऊन बसवला. पॅरिसच्या क्लाकाला निदान चेहरे होते. बाल्कनीत कोण बसले आहे आणि त्याला तिकीट कोणी दिले, याची गावात कुणकुण असे. अळीमागे किती माणसे आहेत? बहुधा काही डझन. ती कोणी निवडली, कशावरून निवडली, त्यांना आधी मिस्टर मॅगू दाखवला होता का? पडद्याच्या कोपऱ्यात हे कोणी लिहीत नाही. आता तर मोबाइलवर कोणत्याही पुढाऱ्याचे थेट भाषण चालू असताना बदामांची आणि अंगठ्यांची चित्रे बुडबुड्यांसारखी वर तरंगत असतात. प्रत्येकाच्या तळहातावर अळी आली आहे, आणि बदाम विकत मिळतात. नीरोला पाच हजार जवान पोसावे लागले. हा खर्च आता बराच खाली आला आहे.

मोजणे बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. वक्त्याने श्रोत्याला काय कळले याची फिकीर करावी हे चांगलेच. केट स्मिथच्या श्रोत्यांविषयी आपल्याला जे कळले ते मोजणाऱ्यांमुळेच कळले. आमचे म्हणणे दोन बाबतींत आहे. रेघ दाखवायची असेल तर भाषण संपल्यावर दाखवावी, चालू असताना नव्हे. ऐकणे आणि ठरवणे यांच्यामध्ये जो थोडा वेळ असतो, तो श्रोत्याचा स्वतःचा आहे. त्यात त्याला घरच्यांशी बोलू द्यावे, रात्रभर झोपू द्यावे. आणि रेघेबरोबर ती कोणाची, किती जणांची, आणि तिच्यामागचे 'का' काय, हेही छापावे. 'का' छापायला जागा लागते, वेळ लागतो, आणि ते रेघेसारखे वळवळत नाही, ही अडचण आम्हाला मान्य आहे.

अध्यक्षमहाराजांनी प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवण्यास सांगितले होते. ती शिल्लक आहेत. मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा हात मघापासून वर आहे, तेव्हा आरंभ त्यांच्यापासून करू.